खूण कुठल्या बाजूला

"या वयात जपमाळ धरायची सोडून माउस धरलाय. आणि तोही लाटण्यासारखा."

हे चेतन सर मला म्हणाले नाहीत. स्वतःशीच पुटपुटले. पण माझ्या खांद्यावरून वाकून माझ्या हाताखालचा माउस काढून घेताना पुटपुटले, त्यामुळे बडीशेपेच्या वासासकट सगळं माझ्या कानात गेलं. लाटणं मला उत्तम धरता येतं आणि माउस धरता येत नाही, या दोन्ही गोष्टी खऱ्याच होत्या. वयाचं तेवढं चुकलं. बेचाळिशीत जपमाळ धरली, तर पुढं म्हातारपणी काय धरायचं?

सर स्वतः कॉलेजातून नुकतेच बाहेर पडलेले. नगरहून श्रीरामपूरला येऊन आमच्याच स्टुडिओत क्लास घेत. आमच्या म्हणजे माझ्या दिरांच्या, रंगनाथभाऊजींच्या. खरं तर तो स्टुडिओ आमच्या ह्यांनी काढलेला. हे गेले आणि भाऊजी गल्ल्यावर बसले. मी मागच्या डार्करूममध्ये होते तिथंच राहिले. काचेखाली दिवा लावायचा, काचेवर निगेटिव्ह ठेवायची आणि टोकदार पेन्सिलीनं लोकांच्या तोंडावरचे फोड, देवीचे वण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं भरून काढायची. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. ह्यांचा हात बघत बघत आलं. तालुक्यातल्या किती मुलींची लग्नं माझ्या पेन्सिलीनं जमली असतील, देव जाणे. लग्नानंतर नवऱ्यांना काय वाटलं असेल, तेही देवच जाणे.

अठ्ठ्याण्णव सालच्या दिवाळीत भाऊजींनी डार्करूम फोडली. बेसिन काढलं, भिंतींचा काळा रंग खरवडला, एसी बसवला आणि कॉम्प्युटर आणला. त्याची पूजा झाली, नारळ फुटला, मॉनिटरला हळदकुंकू लागलं. खोलीत चप्पल न्यायला बंदी झाली. माझं टेबल होतं बरोबर त्याच जागी कॉम्प्युटर बसला आणि माझी निगेटिव्हची काच कपाटावर गेली.

"कॉम्प्युटर फोटो मिक्सिंग" अशी बाहेर पाटी लागली. क्लासला पाच-सहा पोरं आली आणि मी.

"वहिनी, तुम्ही कशाला?" भाऊजी म्हणाले.

"मग मी काय करू? पेन्सिलीला काम उरलं नाही."

"घरी बसा. कुणी काही म्हणतंय का तुम्हाला?"

कुणी काही म्हणत नव्हतं, हीच तर अडचण होती. रोज दुपारी त्या घरात कुणीच कुणाला काही म्हणत नसे. मी हट्टच धरला. शेवटी भाऊजींनी सगळ्या पोरांसमोर, सरांसमोर, कोर्टात निकाल द्यावा तसा निकाल दिला. "एक काम. स्कॅन करण्यापासून शेवटपर्यंत तुम्ही एकटीनं करायचं. गिऱ्हाईक समोर बसवायचं. ते 'हां' म्हणालं, तर दुपारची खुर्ची तुमची. 'नाही' म्हणालं, तर इथं पुन्हा पाय ठेवायचा नाही. त्या खुर्चीवर चेतन सर आपला माणूस आणतील."

पोरं हसली. सर हसले नाहीत. त्यांचा माणूस ठरलेला असावा.

मग ते काम आलं.

बन्सी म्हणून एक जण, साखर कारखान्यात वजनकाट्यावर होता. त्यानं कारखान्याच्या वाटेवर घर बांधलं होतं. वास्तुशांतीला पुढच्या खोलीत आईबापाचा जोडफोटो लावायचा होता. बाप रंभाजी सोबत आला होता, धोतर आणि पागोट्यात, हातात काठी. बहीणही आली होती, दगडाबाई, पाथर्डीकडं दिलेली. भाऊबहीण एका बाकावर बसले, पण मध्ये बापाला बसवून. एकमेकांशी बोलत नव्हते. जे काही बोलायचं ते माझ्यामार्फत.

"ताई, तिला सांगा, फोटो पिशवीतनं काढ."

"ताई, त्याला सांगा, काढतीय. हात हायेत मला."

पिशवीतून फ्रेम निघाली. एका लग्नातला जुना ग्रुप फोटो. यांची आई, आक्काबाई, मुलं लहान असतानाच तापानं गेलेली. तिचा म्हणून हा एवढाच फोटो. तोही मागच्या रांगेत, दोन बायकांच्या खांद्यांमधून दिसणारा शेंगदाण्याएवढा चेहरा. डोक्यावरून पदर, नाक नुसतं पुसट. पण एक गोष्ट स्वच्छ दिसत होती. भुवईपासून कानाकडं गेलेली पांढरी रेघ. जुना वण. रंभाजीही त्याच फोटोत होता, पुढच्या रांगेत सतरंजीवर, पण मान खाली घातलेली. नुसतं पागोटं आणि सदरा. त्यामुळे त्याचा फोटो आता नव्यानं काढायचा होता.

सरांनी नगरहून फ्लॉपीचा कॅमेरा आणला होता. विटेएवढा जड. फोटो काढला की आत घरघर करत फ्लॉपीवर उतरवायचा. सरांनी तो माझ्या हातात देण्याआधी पट्टा माझ्या गळ्यात घातला, जनावराला दावं घालावं तसा.

"पाडू नका, काकू."

मी रंभाजीला स्टुलावर बसवलं, फोटो घेतला आणि कॅमेऱ्याच्या पाठीवरचा छोटा पडदा त्याच्यासमोर धरला. म्हातारा दचकला.

"लगीच?"

"लगेच, बाबा."

"धुवायचा न्हाई?"

"नाही."

"आन बिघडला तर?"

"पुसायचा आणि दुसरा काढायचा."

"पुसतंय?" त्यानं माझ्याकडं टक लावून बघितलं. "पुसल्यावर काहीच ऱ्हात न्हाई?"

"काहीच नाही."

तो मग बराच वेळ त्या पडद्याकडं बघत राहिला. मला वाटलं, स्वतःचं म्हातारपण बघतोय.

ग्रुप फोटो स्कॅन झाला. आक्काबाईचा चेहरा मॉनिटरभर मोठा केला, तेव्हा सर मागून म्हणाले, "हा डाग पहिला काढा. क्लोन मारा. शेजारची चांगली कातडी उचलायची आणि डागावर चिकटवायची. एवढं तरी येतंय ना?"

येत होतं. पण आमच्या ह्यांचा एक नियम होता. जिवंत माणसाचा फोड न विचारता काढायचा, मेलेल्या माणसाची खूण विचारल्याशिवाय काढायची नाही. घरचे लोक खुणेवरच माणूस ओळखतात. म्हणून मी बाकाकडं वळले.

"ही खूण ठेवायची की काढायची?"

"काढा," बन्सी म्हणाला. "वास्तुशांतीला कारखान्याची मानसं येनार. इचारत बसतील."

"ताई, त्याला सांगा," दगडाबाई म्हणाली, "खून काढली तर फोटो भितीवरनं मी उतरवीन. चारचौघांत उतरवीन."

"ताई, तिला सांगा, भित माझी हाय."

"ताई, त्याला सांगा, आई दोगांची हाय."

हे बापाच्या डोक्यावरून चाललं होतं. बाप दोघांच्या मध्ये काठीवर हनुवटी टेकून बसलेला, दोन बैलांमधल्या जुवासारखा.

"कशानं झाली होती ही?" मी विचारलं. चौकशी म्हणून नव्हे. भाजल्याचा वण आणि कापल्याचा वण वेगळा भरावा लागतो, एवढ्यासाठी.

"उसाचं पाचट लागलं," बन्सी म्हणाला.

"गाडीवरनं पडली," दगडाबाई म्हणाली.

दोघंही एकाच वेळी बोलले आणि दोघंही एकाच वेळी थांबले. इतका वेळ एकमेकांकडं न बघितलेली ती भावंडं एकमेकांकडं बघायला लागली. रंभाजी उठला. "थुकून येतो," म्हणाला आणि बाहेर गेला. त्याच्या तोंडात तंबाखू नव्हती.

मी पुढं विचारलं नाही. यांचे आईबाप पाथर्डीहून दरवर्षी ऊसतोडीला या भागात यायचे, एवढं बन्सीनं आधीच सांगितलं होतं. ऊसतोडीत नवराबायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. त्या फडात पाचटही लागतं, गाडीवरूनही माणूस पडतं. शेवटी भाऊजींनी मध्ये पडून सांगितलं, खूण राहू द्या, पुसट करू. बन्सी रुसला, दगडाबाई फणकारली. म्हणजे तोड बरोबर निघाली होती.

दुसऱ्या दिवशी सर नगरला गेले आणि कॉम्प्युटर मला मिळाला. मी आक्काबाईला त्या दोन बायकांच्या खांद्यांमधून सोडवत बसले. पदराची कड बिंदूबिंदूनं कापायची. चुकलं तर मागं जायचं बटण होतं, पण आमच्याकडचं फोटोशॉप जुनं. त्यात एकच पाऊल मागं जाता येई. पुन्हा दाबलं की परत चुकीवरच आणून सोडी. दोनदा लाईट गेली. दोनदा बाई पुन्हा त्या खांद्यांमध्ये जाऊन अडकली. तिसऱ्यांदा मी दर मिनिटाला सेव्ह करत, ओठ चावत तिला मोकळं केलं.

आणि मग सहज पूर्ण ग्रुप फोटो पुन्हा बघितला, तेव्हा रंभाजीच्या सदऱ्यावर नजर गेली. खिसा त्याच्या उजव्या छातीवर होता.

सदऱ्याचा खिसा डाव्या छातीवर असतो. डार्करूममध्ये ज्यानं एकदा तरी प्रिंट काढली आहे, त्याला हा घोटाळा माहीत असतो. घाईत निगेटिव्ह उलटी बसली की सगळं जग उलटं छापून येतं. चेहऱ्यावरून कळत नाही, कपड्यांवरून कळतं. आमच्या ह्यांनीही एका नवरदेवाला असाच डावखुरा करून ठेवला होता. आता त्या लग्नात खिशाचा सदरा घातलेला एकटा रंभाजीच दिसत होता. बाकी कुणी बंडीत, कुणी उपरण्यात, बायकांचे पदर डोक्यावरून दोन्ही खांद्यांवर ओढलेले. एका खिशावर किती विश्वास ठेवायचा? मी उठले, पाणी प्याले, पुन्हा येऊन बसले.

फोटो उलटा छापलेला असेल, तर वणही उलट बाजूला गेलेला. इतकी वर्षं हे लोक आईला आरशात बघावं तशी बघत आलेले.

मी आक्काबाईला फिरवलं. डावीचं उजवीकडं झालं. बाई तीच, पण कुणीतरी नावानं हाक मारल्यावर वळून बघितल्यासारखी झाली. मी तिला रंभाजीशेजारी बसवलं आणि सेव्ह केलं. कुणाला विचारलं नाही. ह्यांचा नियम खूण काढण्याबद्दल होता, फिरवण्याबद्दल नव्हता, अशी मी माझी समजूत घातली.

दाखवायच्या दिवशी सगळे होते. सर, भाऊजी, क्लासची पोरं मागं उभी. बाकावर तिघं. मी मॉनिटर त्यांच्याकडं वळवला.

दगडाबाईनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, जमलं.

"ही आई न्हाई," बन्सी म्हणाला.

"का हो?"

"का काय? खून त्या बाजूला कुठं हुती? ह्या बाजूला हुती." त्यानं पिशवीतली फ्रेम काढून मॉनिटरला टेकवली. "बगा की. डोळे हायेत का न्हाई?"

सर पुढं आले. बघितलं आणि कळलंच त्यांना. "काकू, फ्लिप केलंत? कुणी सांगितलं फ्लिप करायला? मी शिकवलं होतं का हे?"

"नाही. पण मूळ फोटोच उलटा छापलाय. हा खिसा बघा बाबांचा."

"खिसा?" भाऊजींचा आवाज चढला. "गिऱ्हाईक आईचं बोलतंय आणि तुम्ही खिसा दाखवताय?"

"आमचा शिंपी डावखुरा हुता," बन्सी म्हणाला. मागची पोरं खिदळली. त्याला जोर चढला. "एका खिशावरनं माझ्या आईचं तोंड फिरवलं का तुमी? उद्या धोतर बघून बाप बदलाल!"

"शिकायचं वय असतं एकेक," सर म्हणाले. या वेळी पुटपुटले नाहीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मी पहिल्याच दिवशी बोललो होतो रंगनाथरावांना. पुसापुशी वेगळी आणि कॉम्प्युटर वेगळा."

मी दगडाबाईकडं बघितलं. खूण ठेवा म्हणून भांडलेली तीच. "तुम्ही सांगा. आईची खूण कुठल्या बाजूला होती? तुम्हाला आठवत असेल."

दगडाबाईनं फ्रेमकडं बघितलं, मॉनिटरकडं बघितलं. हात आपोआप स्वतःच्या भुवईकडं गेला, आधी एका, मग दुसऱ्या. "मी तिच्या कुशीत निजायची," ती म्हणाली. "हात लागायचा खुनंला. पन कंच्या बाजूला..." आणि तिला रडूच फुटलं. रागाचं रडू. "आमी फोटोच बघत आलो. फोटोतलीच आठवती मला. तुमी कशाला फिरवलं तिला? तेवडी हुती, ती बी घालवली."

हे मात्र लागलं. सरांचं, बन्सीचं काही लागलं नव्हतं.

"वहिनी, उलटं करून द्या परत. होतं तसं," भाऊजी म्हणाले. "आणि उठा. सर बसतील."

"एका मिनिटाचं काम आहे," सर म्हणाले आणि त्यांनी खुर्चीच्या पाठीला हात घातला.

मी उठले नाही. हट्ट म्हणा, नाहीतर खुर्ची गेलीच आहे तर नीट जाऊ दे म्हणा. कपाटावर माझी काच धूळ खात होती. तिच्याशेजारी जाऊन बसायचं, एवढंच उरलं होतं माझ्यासाठी.

"बाबांना विचारा ना," मी म्हणाले. "नवरा आहे तो तिचा. त्याला माहीत असेल."

बन्सीनं झटक्यात मान वळवली. "त्यांना न्हाई ठावं. म्हातारं झाल्यात. त्यांना काय इचारायचं न्हाई."

"का नाही विचारायचं?"

"न्हाई म्हनलं ना, ताई!" हे दगडाबाई म्हणाली. पहिल्यांदाच भाऊ आणि बहीण एका बाजूला झाले होते. रडणं थांबवून ती बापाच्या आणि माझ्या मध्ये उभी राहिली. "द्या परत करून उलटं. हुतं तसं द्या. आमाला तसलंच पायजे. आमी चाललो."

"ऐकलंत?" भाऊजी म्हणाले. "गिऱ्हाईक 'नाही' म्हणालं. संपलं."

बन्सीनं फ्रेम पिशवीत घातली. दगडाबाईनं बापाच्या दंडाला धरलं. "चला बापू."

रंभाजी उठला, पण दाराकडं गेला नाही. लेकीचा हात त्यानं हळूच सोडवला. काठी बाकाला टेकवून ठेवली, ती घसरून पडली, ती कुणी उचलली नाही. तो मॉनिटरसमोर येऊन उभा राहिला, इतका जवळ की त्याच्या पागोट्यानं उजेड अडला. सर म्हणाले, "बाबा, स्क्रीनला हात लावू नका." त्यानं ऐकलं नाही.

त्यानं उजवा हात वर केला. सावकाश, समोर उभ्या माणसाकडं नेतात तसा नेला. हात कुठंही वाकडा झाला नाही, आडवा गेला नाही. सरळ जाऊन आक्काबाईच्या भुवईवर टेकला. तिथं, जिथं मी ती पांढरी रेघ आणून ठेवली होती.

"बापू," बन्सी म्हणाला, "नका."

म्हाताऱ्यानं मागं वळून बघितलं नाही. हात तसाच ठेवून, त्या चेहऱ्याकडं बघत तो म्हणाला,

"ताईनं बरुबर केलंय. खून ह्याच बाजूला हुती. पाचट न्हाई लागलं, गाडीवरनं न्हाई पडली. म्या मारलं तिला. ह्याच हातानं. कोयत्याच्या मुठीनं."